बेळगावहून एका दिवसात शिरोडा–रेडी–तेरेखोल: आंबोलीतून जावं की चोर्ल्यातून?

अनगोळ_नाका

मंडळी, मार्गशीर्षात एखादा रविवार धरून कोकणात जाऊन यायचं आहे, मुक्काम न करता. माणसं सात: दोघं सत्तरीच्या पुढची (एकांचे गुडघे दुखतात), दोन पोरं सहा आणि नऊ वर्षांची, बाकी आम्ही तिघं. गाडी सात सीटांची.

कागदावर बेत असा मांडला आहे: आंबोली, वेंगुर्ल्याचा बंदर आणि दीपस्तंभ, आरवलीचा वेतोबा, शिरोड्याचा समुद्र, रेडीचा गणपती, तेरेखोल, जमलं तर मालवणात सिंधुदुर्ग किल्ला, मग सूर्यास्त बघून परत. रात्री नऊला घरी.

विचारायचं आहे ते:
१. घाट कुठला? आंबोली, चोर्ला की तिलारी?
२. यादीतलं काय गाळावं?
३. सगळे रविवार सारखेच का, की काही बघून ठरवायचं असतं?
४. येताना मासे आणले तर बेळगावपर्यंत टिकतात का?

चंदगडी_माणूस

आधी मालवण खोडा. शिरोड्याहून मालवण साठएक किलोमीटर, पण रस्ता गावागावांतून जातो, दोन तास धरावे लागतात. त्यावर होडीची रांग आणि किल्ला बघायला दोन तास. मालवण हा एक मुक्कामाचाच बेत आहे, तो दिवसाच्या बेतात कोंबला की बाकीचं सगळं गाडीच्या काचेतून बघायचं.

दुसरं, वेंगुर्ला शहरही गाळा. शहर वाईट नाही, पण तुम्हाला समुद्र हवा आहे आणि वेळ एकाच दिवसाचा आहे. आरवली, शिरोडा, रेडी, तेरेखोल ही चारही ठिकाणं दहा-बारा किलोमीटरच्या पट्ट्यात आहेत. सावंतवाडीहून वेंगुर्ल्याला न जाता मळेवाड–आजगाववरून थेट शिरोड्याकडे उतरायचं.

घाट म्हणाल तर म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाताना आंबोलीच. बेळगाव–हिंडलगा–शिनोळी–पाटणे फाटा–नागणवाडी–कानूर–आंबोली हा जुना बेळगाव–वेंगुर्ला रस्ता. आंबोलीपर्यंत पठारच आहे, खरा घाट आंबोली गाव सोडल्यावर लागतो आणि दाणोलीला संपतो. त्यामुळे वळणांचा त्रास सलग अर्धा तासच होतो, आणि त्याच्या अगदी आधी पाय मोकळे करायला, चहाला आणि स्वच्छतागृहाला आंबोली आहे. गुडघ्यांच्या दृष्टीने ही सोय मोठी.

तिलारी (रामघाट) नकोच. चढ फार खडा, वळणं आवळ, भरलेली सात सीटर उतरताना ब्रेक तापतात. शिवाय चंदगड–दोडामार्ग पट्ट्यात हत्तींचा वावर आहे, अंधारात त्या रस्त्यावर अडकायचं काम नाही.

वेळेचा हिशेब, हिवाळ्यातल्या कोरड्या रस्त्याचा:

पहाटे ५.३० बेळगाव सोडा. साधारण ७० किलोमीटर, ७.१५ ला आंबोली. अर्धा तास नाष्टा. ८.४० च्या आसपास सावंतवाडी. तिथं थांबू नका, गाव जागं व्हायचं असतं. ९.३० ला आरवली. एकूण सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर.

परतीचा हिशेब मात्र उलटा मांडायचा. डिसेंबरात सहा-सव्वासहाला सूर्य बुडतो. घाट उजेडात चढायचा तर दाणोली साडेपाचच्या आत गाठली पाहिजे, म्हणजे सावंतवाडी पाचला, म्हणजे तेरेखोल किंवा रेडी पावणेचारला सोडायची. सूर्यास्त बघायचाच म्हणत असाल तर घरी यायला रात्रीचे दहा वाजतात आणि आंबोलीचं जंगल अंधारात लागतं. तिथं गवे रस्त्यावर येतात. गव्याचं अंग काळं असतं, डिपर मारला तरी डोळे चमकेपर्यंत दिसत नाही, आणि तो कुत्र्यासारखा हॉर्नला बाजूला होत नाही. एक पुढं गेला की मागचे यायचे असतात, म्हणून थांबून राहायचं. लाइट खाली करा, हॉर्न वाजवू नका.

घाट उतरताना ज्या गिअरात चढाल त्याच गिअरात उतरा, म्हणजे भरलेल्या गाडीला दुसरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की दाणोलीपर्यंत करपल्याचा वास येतो. तसा वास आलाच तर गाडी कडेला घेऊन वीस मिनिटं थांबा, चाकावर पाणी मारू नका, तापलेली डिस्क वाकडी होते.

एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. हा ऊसतोडीचा हंगाम आहे. पाटणे फाटा–हलकर्णी भागात जोडट्रॉल्या असतात, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. संध्याकाळी सातनंतर ह्या वीसएक किलोमीटरला घाटापेक्षा जास्त जपावं लागतं.

जांबोटी_क्रॉस

चोर्ला इतका वाईट नाही हो. पिरनवाडी–जांबोटी–कणकुंबी–चोर्ला–केरी–साखळी, गर्दी कमी आणि रान सुंदर. मलप्रभेचा उगम कणकुंबीला वाटेतच आहे, देवळाशेजारी, दहा मिनिटांत बघून होतो. जाताना आंबोली आणि येताना चोर्ला असं गोल फिरता येईल की.

चंदगडी_माणूस

दादा, रान सुंदर आहे ह्यात वाद नाही. पण शिरोड्याहून चोर्ला गाठायचा तर आरोंदा–किरणपाणी पूल, पेडणे, म्हापसा, डिचोली, साखळी असं जावं लागतं. रविवारी संध्याकाळी म्हापशाच्या आसपास किती वेळ मोडेल ते सांगता येत नाही, आणि सगळा वेळ मोडल्यावर घाट अंधारात. गोल फिरण्याची हौस दोन तासांना पडते. ज्यांना फक्त गोव्याच्या बाजूचा किनारा बघायचा त्यांना चोर्ला बरोबर आहे, ह्यांना नाही.

आणि नकाशाचा घोळ लक्षात ठेवा, अनगोळकर. केरी दोन आहेत. एक चोर्ल्याच्या पायथ्याला, सत्तरी तालुक्यात. दुसरी तेरेखोलच्या समोर, पेडण्यात, समुद्रावर. शिरोडाही दोन: एक आपला वेंगुर्ला तालुक्यातला, एक गोव्यात फोंड्याकडचा. मोबाइलवर नुसतं ‘शिरोडा’ टाकलं की तो कधी कधी तुम्हाला अनमोडकडं वळवतो. ‘वेळागर’ टाका, तो आपल्या शिरोड्याचा किनारा. घाटात रेंज जाते, म्हणून नकाशा घरीच उतरवून घ्या.

दांड्यावरचा

तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी बघितलंच नाही, आणि सगळा दिवस त्यावर अवलंबून आहे. रविवार सारखे नसतात. भरती-ओहोटी तिथीवर चालते.

आमच्याकडचा जुना हिशेब: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला भरती, दुपारी बाराच्या पुढेमागे पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ऐन दुपारी पाणी वर. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब. अमावास्येपुढे कालनिर्णयात ३० छापलेलं असेल, गुणाकाराला मात्र १५ धरायचे. वेळ अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, बेत ठरवायला तेवढं पुरतं.

आता तुमचं बघू. तुम्ही किनाऱ्यावर असणार १० ते १२.३०. पोरं असल्यामुळे पाणी उतरलेलं हवं: ओली, कडक वाळू रुंद मिळते, म्हातारी माणसंही तिच्यावर न रुतता चालतात. कोरड्या भुसभुशीत वाळूत दुखऱ्या गुडघ्याचे हाल होतात. म्हणून षष्ठी ते नवमीमधला रविवार शोधा, कुठलाही पक्ष चालेल. ह्या दिवसांत भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही, आणि ओढही कमी. दत्तजयंतीच्या आसपासचा रविवार टाळा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाण्याची चढउतार दोन मीटरच्या आसपास जाते. दुपारी वेळागरला पाणी सुरूच्या बनाकडे सरकतं आणि पोरांना खेळायला उतरती वाळू तेवढी उरते.

कुठं उतरू नये ते सांगतो. खाडीच्या तोंडाशी अजिबात नाही. मोचेमाड, रेडी, तेरेखोल, तिन्हीकडे खाडी समुद्राला मिळते. ओहोटी लागली की खाडीतलं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर पडायला बघतं, वरून पाणी शांत दिसतं आणि खालून पाय उचलतं. सरळ किनाऱ्यावरसुद्धा दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधल्या पट्ट्यात फुटत नाहीत, असं दिसलं तर ती जागा शांत नसते. पाणी तिथूनच आत परततं, आणि नवखा माणूस नेमका तिथंच उतरतो. ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला जावं, चारदोन मिनिटांत ओढ सुटते. आमच्या गावांतल्या किनाऱ्यांवर गोव्यासारखे जीवरक्षक नसतात. पोरांना गुडघाभर पाणी, आणि एका मोठ्या माणसाने फोन खिशात ठेवून फक्त त्यांच्याकडे बघायचं.

खडकांवर अनवाणी नको. कालवं चिकटलेली असतात, ब्लेडसारखी कापतात.

गाडी वाळूत घालू नका. बनाच्या मागे जिथं लाल माती दिसते तिथं लावा. वाळूत फसलीच तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक फिरेल तितकं खाली जातं. सगळ्यांना उतरवा, चाकांपुढची वाळू हाताने काढा, चारही चाकांतली हवा पंधरा-अठरा पौंडांवर आणा आणि पहिल्या गिअरात अलगद काढा. पुढे पंप मिळेपर्यंत हळू चालवा.

बाकी ठिकाणांबद्दल थोडक्यात. वेतोबाचं देऊळ रस्त्यालगत, सपाटीवर, सगळ्यांना सोपं. नवसाला केळ्यांचे घड आणि मोठाल्या चामडी वहाणा वाहतात, पोरांना त्या वहाणा बघायला आवडतील. रेडीचा गणपती द्विभुज, १९७६ मध्ये जमिनीत सापडलेला, तिथंही चालणं कमी. रेडीचा यशवंतगड मात्र आजोबांना नको, वाट दगडांची आणि पायऱ्या तुटक्या. तुम्ही तिघांपैकी दोघं जाऊन या, अर्धा तास पुरे. तेरेखोल किल्ल्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. नदीच्या उत्तर तीरावर असूनही तो गोव्यात येतो, म्हणजे सकाळी कर्नाटक, नाष्ट्याला महाराष्ट्र, दुपारी गोवा.

शिरोड्याची मिठागरं १९३० च्या सत्याग्रहामुळे नावाजली. पण मार्गशीर्षात तिथं मीठ दिसेल असं समजू नका, ते उन्हाळ्यात पिकतं. ह्या दिवसांत वाफे नुसते पाण्याने भरलेले असतात.

वडगावची_मावशी

खाण्याचं मी सांगते, नाहीतर दोन वाजता सगळे उपाशी फिरत बसाल.

शिरोडा-आरवलीकडे घरगुती खानावळीत माणसं मोजून रांधतात. सकाळी नऊच्या आत फोन करून सात पानं सांगा, त्यातली किती शाकाहारी तेही सांगा. शाकाहारी म्हटल्यावर आयत्या वेळी बटाटा पुढं येतो. आधी सांगितलं तर काजूची उसळ, कुळथाची पिठी, सोलकढी असं जेवण होतं. जेवण साडेबारा ते अडीच. तीननंतर चूल विझलेली असते. दुकानंसुद्धा एक ते चार बंद, म्हणून खरेदी जेवायच्या आधी उरका. सुरमईच्या तुकडीचा दर बसण्याआधी विचारा, तो रोज बदलतो आणि रविवारी चढा असतो. बांगड्याची थाळी स्वस्त असते आणि ताजा बांगडा असेल तर सुरमईला मागं टाकते, हे माझं मत.

रोख पैसे ठेवा. फोनवरून पैसे सगळीकडे घेतात, पण किनाऱ्याला रेंज नसली की दोघंही एकमेकांचं तोंड बघत बसतात.

पोरांना घाटात उलटी होऊ नये म्हणून निघताना दूध देऊ नका. कोरडी चपाती किंवा खाकरा द्या. उलटीची गोळी द्यायची तर आधी डॉक्टरांना विचारून, आणि घाट सुरू व्हायच्या तासभर आधी, म्हणजे कानूर यायच्या आत. घाटात दिली तर उपयोग नाही, गोळी पोटात विरघळायच्या आत पोट ढवळलेलं असतं. आंबोलीच्या नाष्ट्याला मिसळ टाळा. पोरं मधल्या सीटवर, नजर पुढच्या काचेतून, हातात मोबाइल नको.

आता मासे. टिकतात, पण बर्फ आळसाने घातला तर नाही. शिरोड्याहून बेळगाव चार तास. माशाच्या वजनाइतकाच बर्फ लागतो, चार किलो माशाला चार किलो. थर्माकोलचा डबा, खाली बर्फ, मग मासे, वर बर्फ, असे थर. बर्फ कुटलेला हवा. लादीचा मोठा तुकडा माशाला एका ठिकाणी टेकतो आणि बाकीचा मासा गरमच राहतो. डब्याच्या तळाला भोक ठेवा आणि डबा परातीत ठेवा. वितळलेल्या पाण्यात मासा बुडून राहिला की मऊ पडतो, आणि ते खारट पाणी गाडीच्या फरशीत गेलं तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत वास आणि नंतर गंज. कल्ले आणि आतडी तिथंच काढून घ्या, तुकडे मात्र घरी करा.

बांगडा सगळ्यांत लवकर बिघडतो. बर्फाविना दोन-तीन तास राहिलेला बांगडा घेऊ नका. त्यात जे तयार होतं ते शिजवूनही जात नाही, अंगावर पित्त उठतं, तोंड लाल होतं. डोळा फुगीर आणि चमकदार, कल्ला लालभडक, बोट दाबलं तर खळगा भरून आला पाहिजे. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढलेली सकाळी मिळाली तर उत्तम, पण सकाळी घेतलेला मासा दिवसभर गाडीत राहणार, म्हणून बर्फ दुपारी एकदा बदलावा लागेल. एवढा व्याप नको असेल तर कॅम्पातल्या फिश मार्केटातून सोमवारी आणा आणि तिकडून सुके बांगडे, सोडे, आमसुलं, खाजं आणा. मी तेच करा म्हणेन.

अनगोळ_नाका

सगळ्यांचे आभार. मालवण आणि वेंगुर्ला गाळलं. सूर्यास्तही गाळला, घरच्यांना पटवायचं बाकी आहे. कालनिर्णय उघडून बघितलं तर वद्य अष्टमीचा रविवार सापडला. बेत असा: ९.३० वेतोबा, १०.१५ ते १२.३० वेळागर, जेवण, सव्वादोन रेडी, तीन तेरेखोल, पावणेचारला परत.

दोन शंका. तेरेखोलहून फेरीने केरीच्या किनाऱ्यावर गाडी न्यावी का? आणि आमची गाडी आयत्या वेळी मिळाली नाही तर भाड्याची पिवळ्या पाटीची घेतली तर चालते का?

दांड्यावरचा

फेरीत गाडी नेऊ नका. रविवारी गाड्यांची रांग लागते आणि एक फेरी चुकली की तुमचा पावणेचार गेला. गाडी तेरेखोलला ठेवून माणसांनी जाऊन यायचं, पोरांना बोटीत बसल्याचं समाधान. त्यातही परतीची फेरी किती वाजता हे उतरतानाच धक्क्यावर विचारून घ्या. आजोबांना किल्ल्याजवळच बसवा, चढउतार करताना पाय घसरतो.

चंदगडी_माणूस

पिवळ्या पाटीला महाराष्ट्रात आणि तेरेखोलला गेलात तर गोव्यातही चालेल असा परवाना हवा. गाडी ठरवतानाच मालकाला परवान्याचा फोटो पाठवायला सांगा, शिनोळीला गेल्यावर विचारून उपयोग नाही. ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन नेणं तर नकोच, अपघात झाला तर विमा हात वर करतो.

स्वतःच्या गाडीला विमा, पीयूसी, लायसन्स एवढं पुरे. तेरेखोलहून बाटली घ्यायचा मोह कोणाला झाला तर सांगून ठेवा: गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रातून आणि कर्नाटकात आणणं गुन्हा आहे, आंबोलीच्या रस्त्यावर तपासणी होते, आणि गाडीही अडकते.

डिझेल बेळगावातच भरा. कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या दिवसांत हलग्याकडे बंदोबस्त असतो, पण तुम्ही हिंडलग्याने बाहेर पडणार, त्याचा त्रास नाही. सीमेवर काही तापलं असेल तर मात्र आदल्या रात्री बातम्या बघा, अशा वेळी बस तर शिनोळीलाच थांबतात.

कंग्राळी_स्टॉप

बसचा विषय निघाला म्हणून विचारतो, आम्ही चौघी एसटीने जाऊन येऊ शकू का? शक्तीचं (कर्नाटकातल्या बायकांच्या मोफत बसप्रवासाचं) तिकीट चालतं का?

चंदगडी_माणूस

ताई, शक्ती योजना कर्नाटकापुरती, सावंतवाडीच्या आंतरराज्य बसला नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ते महाराष्ट्राच्या हद्दीतल्या अंतरापुरतं. सावंतवाडीपर्यंत बस, तिथून शिरोडा-रेडीची एसटी, असं जमतं. पण परतीची सावंतवाडी–बेळगाव शेवटची बस किती वाजता हे सकाळी उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीवर विचारा आणि तिच्या आधीचीच धरा. दिवसात मग एकच ठिकाण: आरवली किंवा शिरोडा.

वडगावची_मावशी

अनगोळकर, एक राहिलं. किनाऱ्यावरून निघताना पोरांचे पाय धुवायला पाच लिटरचा एक कॅन घरूनच भरून न्या, आणि जुनी चादर मागच्या सीटवर अंथरा. ओल्या चड्डीत पोरं घाट चढली तर वर आंबोलीच्या गारव्यात कुडकुडतात, म्हणून कोरडे कपडे आणि स्वेटर डिकीत तळाला नको, हाताशी ठेवा.